नारायण वामन टिळक

हा लेख मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याविषयी आहे. 'केसरी'कार लोकमान्य टिळकांसाठी बाळ गंगाधर टिळक हा लेख पाहावा.

नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, रत्‍नागिरी जिल्हा, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीतील कवी आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. रेव्हरंड टिळक या नावाने ते अधिक ओळखले जातात. मराठी साहित्यात फुलांमुलांचे कवी म्हणून त्यांची ख्याती आहे, तर मराठी ख्रिस्ती समाजात अभंग, ओवी आणि भजनाच्या चालीत उपासनागीते रचणारा संतकवी म्हणून त्यांना मान आहे. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्‍नी. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांची बहुतेक चरित्रे या घटनेभोवती रचलेली आहेत. प्रत्यक्षात त्यांच्या धार्मिक जीवनातील मोठे बदल बाप्तिस्म्यानंतरच्या चोवीस वर्षांत घडले आणि मराठी भाषेला व मराठी चर्चला जे लाभले ते याच काळात लाभले.

बालपण आणि शिक्षण

टिळकांचा जन्म चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव अत्यंत तापट होता, आणि मुलाचे व त्यांचे कधीच जमले नाही. आई जानकीबाई भाविक व काव्याची आवड असलेल्या होत्या. टिळकांना कवितेचा आणि भक्तीचा पहिला संस्कार आईकडूनच मिळाला. त्यांच्या लहानपणीच आईचे निधन झाले आणि घराशी असलेला जिव्हाळ्याचा धागा तुटला. वडिलांच्या घरी न राहता त्यांनी नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्य व साहित्यशास्त्राचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतील त्यांचे शिक्षण मात्र थोडेच झाले. पुढे इंग्रजीतून धर्मशास्त्र वाचणारा आणि परदेशी मिशनऱ्यांशी बरोबरीने वाद घालणारा हा माणूस बव्हंशी स्वयंशिक्षित होता.

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर त्यांचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. त्या वेळी त्या सुमारे अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्यांच्या माहेरी वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने घर त्रस्त होते. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये या सोवळ्याचे जे वर्णन केले आहे, ते विनोदी वाटले तरी त्यामागचा जाच लपत नाही.

भटकंतीची वर्षे

विवाहानंतरची सुमारे पंधरा वर्षे टिळक एका जागी स्थिर राहिले नाहीत. शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक, वक्ते, संपादक अशी अनेक कामे त्यांनी केली. कोणतीही नोकरी फार काळ टिकली नाही. याला दारिद्र्य जितके कारण होते, तितकाच त्यांचा लहरी आणि उधळा स्वभावही कारण होता. हाती आलेला पैसा गरजूला देऊन टाकणे, घरी न सांगता गावोगाव निघून जाणे, संतापाच्या भरात बोलून नंतर पश्चात्ताप करणे हे प्रकार नित्याचे होते. त्यांचा भार बहुतांशी लक्ष्मीबाईंनी सोसला. चरित्रकार टिळकांच्या औदार्याचे वर्णन करताना या बाजूकडे अनेकदा दुर्लक्ष करतात. लक्ष्मीबाईंनी ते केलेले नाही.

या भटकंतीत ते नागपूरला पोहोचले. तेथे आप्पासाहेब बुटी या धनिकांच्या आश्रयाने त्यांना वैदिक वाङ्मयाचा व्यासंग करता आला आणि 'ऋषि' या धर्मचर्चेच्या मासिकाचे संपादनही त्यांनी केले. जातिभेद आणि कर्मकांड यांविषयीची त्यांची अस्वस्थता याच काळात तीव्र झाली. देशाची उन्नती धर्माच्या पुनर्रचनेशिवाय होणार नाही, असे त्यांना वाटू लागले. ईश्वर हा पिता, सर्व माणसे भावंडे आणि प्रेम हाच धर्म, अशा तत्त्वांवर स्वतःच एक नवा पंथ स्थापण्याचा विचार ते करीत होते. ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांच्या वाणीचा त्यांच्यावर खोल ठसा होता, आणि तो पुढेही पुसला गेला नाही.

ख्रिस्ती धर्माचा स्वीकार

नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. संस्कृत काव्यापासून सुरू झालेली चर्चा धर्माकडे वळली. निरोप घेताना मिशनऱ्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती सुरुवातीला केवळ दिलेला शब्द पाळण्यासाठी वाचायला घेतली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी मात्र ते थांबले. ज्या प्रश्नांची उत्तरे ते शोधत होते, ती तेथे त्यांना प्रेमाच्या भाषेत मिळाली. त्यानंतरची दोनेक वर्षे वाचन, पत्रव्यवहार आणि मनाची ओढाताण यांत गेली. राजनांदगाव येथील वास्तव्यात त्यांचा निश्चय पक्का झाला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याकडून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या भारतीय पाळकाकडून त्यांनी घेतला. पुढे त्यांनी जी दिशा धरली, तिची खूण या निवडीत दिसते.

कुटुंबावर या घटनेचा फार मोठा आघात झाला. सवर्ण समाजात त्या काळी धर्मांतर म्हणजे जिवंतपणी झालेला मृत्यूच मानला जाई. लक्ष्मीबाई लहान मुलगा देवदत्त (जन्म १८९१) याला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पंढरपूर, नाशिक, जलालपूर येथे काढलेल्या या काळात त्यांना मनाचा तोल सांभाळणेही कठीण झाले होते. पती हयात असून नसल्यासारखा, आणि समाजाच्या दृष्टीने स्वतःची गत विधवेहून वाईट, अशी त्यांची अवस्था होती. टिळकांच्या आत्मिक शोधाची ही किंमत दुसऱ्या व्यक्तीने, तिला न विचारता, मोजलेली होती. टिळकांना याची जाणीव होती. ते पत्रे पाठवीत राहिले, आणि पत्‍नीने आपला धर्म स्वीकारलाच पाहिजे अशी अट त्यांनी घातली नाही.

अहमदनगर

बाप्तिस्म्यानंतर टिळक काही काळ मुंबईत डॉ. जस्टिन ॲबट यांच्या सहवासात होते. ॲबट हे संतवाङ्मयाचे गाढे अभ्यासक होते. महाराष्ट्रातील संतकवींवरील इंग्रजी ग्रंथमाला त्यांनी पुढे सिद्ध केली. तिच्यात एकनाथ, तुकाराम यांच्याबरोबर बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे दासोपंत यांच्या चरित्राचाही समावेश आहे.

यानंतर टिळक अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आले, आणि हेच शहर दीर्घकाळ त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ पासून चालू होते. जिल्ह्याच्या पूर्व सीमेला लागून बीड जिल्हा आहे. त्या वेळी तो निजामाच्या हैदराबाद राज्यात मोडत असे. नगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात टिळक शिकवू लागले. डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी स्थापन केलेल्या या विद्यालयात मराठी मुलखातील पाळक व उपदेशक तयार होत. पुढे टिळकांना रेव्हरंड ही दीक्षाही मिळाली.

नगर भागातील ख्रिस्ती मंडळी मुख्यतः महार आणि मांग समाजांतून आलेली होती. संस्कृत पंडित असलेल्या चित्पावन ब्राह्मणाने त्यांच्या पंक्तीला बसणे, त्यांच्या मुलांना घरी ठेवून घेणे, हे तेव्हाच्या समाजात धर्मांतराइतकेच धक्कादायक होते. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात आणि प्लेगच्या साथींत टिळक दांपत्याने निराधार मुलांना आसरा दिला व आजाऱ्यांची शुश्रूषा केली. घरात मुलांची वर्दळ असे आणि पैशांची चणचणही कायम असे.

लक्ष्मीबाईंचा प्रवास

सुमारे साडेचार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरला आल्या. पतीजवळ राहूनही त्यांनी सुरुवातीला आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी त्याला विरोध केला नाही. एकाच घरात बाप्तिस्मा घेतलेला उपदेशक आणि सोवळे पाळणारी पत्‍नी अशी ही व्यवस्था काही काळ चालली. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनातील जातीची बंधने सैल होत गेली. उच्चनीचता माणसांनी निर्माण केली, देवाने नव्हे, हा निष्कर्ष त्यांनी कोणाच्या उपदेशाने नव्हे, तर स्वतःच्या विचाराने काढला, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास सुरुवात केली. १९०० मध्ये राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतराला घाई आणि दडपण दोन्ही मारक आहेत, हे टिळक या अनुभवातून शिकले असावेत. त्यांचा स्वतःचा संतापही या वर्षांत पुष्कळ निवळला, असे लक्ष्मीबाईंच्या कथनावरून दिसते. तो पूर्णपणे गेला मात्र नाही. 'स्मृतिचित्रे'मधील टिळक उतारवयातही अधूनमधून भडकतात आणि लगेच विरघळतात.

कविता

टिळकांनी बाप्तिस्म्यापूर्वीच काव्यलेखनाला आरंभ केला होता. केशवसुतांशी त्यांचा नागपूरपासूनचा परिचय होता. मराठी कवितेला पौराणिक विषय आणि पंडिती अलंकार यांतून बाहेर काढून घर, मूल, फूल, पक्षी, देश या साध्या विषयांकडे वळवणाऱ्या कवींत त्यांची गणना होते. 'वनवासी फूल', 'सुशीला', 'बापाचे अश्रू' या त्यांच्या दीर्घ रचना आहेत. शिकाऱ्याने जखमी केलेल्या पक्षिणीवरील 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शालेय पाठ्यपुस्तकांमुळे अनेक पिढ्यांना तोंडपाठ झाली.

'वनवासी फूल' या काव्याकडे त्यांच्या धर्मविचाराच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. संसारापासून दूर एकट्यानेच फुलायचे की आपला गंध इतरांच्या उपयोगी आणायचा, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न आहे. फुलांवरील त्यांची कविता केवळ निसर्गवर्णनाची नाही. मात्र तिला सरळ रूपक मानून तिच्यातील प्रत्येक पाकळीला धर्मार्थ चिकटवणे हा अतिरेक होईल.

१९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या महाराष्ट्रातील पहिल्या कविसंमेलनाशी टिळकांचा निकटचा संबंध होता. याच संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोरवयीन कवीला बालकवी ही उपाधी मिळाली. पुढे बालकवी नगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. त्यांनी धर्मांतर केले नाही आणि टिळकांनीही तशी अपेक्षा धरली नाही. ५ मे १९१८ रोजी भादली रेल्वे स्थानकाजवळ अपघातात बालकवींचा मृत्यू झाला, तेव्हा टिळकांच्या स्वतःच्या आयुष्याचे एकच वर्ष उरले होते.

अमेरिकन मराठी मिशनच्या 'बालबोधमेवा' या मासिकातून त्यांनी मुलांसाठी लिहिले. १८४२ पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे ते १९१२ पासून संपादक होते.

भजने आणि उपासनागीते

टिळकांच्या आधी मराठी चर्चमध्ये गायली जाणारी गीते पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती. पाश्चात्त्य चालींत बसवण्यासाठी मराठी शब्दांची ओढाताण झालेली असे. देशी चालींची पदे आणि ख्रिस्ती कीर्तने नगर भागात त्यांच्या आधीही होत होती. त्यामुळे ख्रिस्ती कीर्तनाचे जनकत्व त्यांना देणे योग्य नाही. टिळकांनी या प्रवाहाला काव्याची उंची दिली. अभंग आणि ओवी हे छंद, टाळ-मृदंगाची साथ आणि वारकरी संतांची आर्त, सलगीची भाषा त्यांनी उपासनेत आणली. त्यांच्या भजनांत ख्रिस्त हा सखा आहे, सद्‍गुरू आहे, आणि माउलीही आहे. वारकऱ्याने विठोबाला ज्या शब्दाने हाक मारावी, तोच शब्द येथे येशूसाठी येतो, आणि गाणाऱ्याला त्यात काही परके वाटत नाही. तुकाराम महाराजांच्या भक्तीच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची धारणा होती. या रचनांपैकी बऱ्याच 'अभंगांजली' या संग्रहात आहेत, आणि मराठी चर्चच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांचा वाटा मोठा आहे.

आत्मिक वाढीविषयीचा विचार

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात ख्रिस्त स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फाटे म्हणतो. फाट्याने वेलात राहावे, म्हणजे फळ आपोआप येते, असा त्या दृष्टान्ताचा आशय आहे. गलतीकरांस पत्रात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन अशी आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणे दिली आहेत. ख्रिस्ती परंपरेत आत्मिक वाढीची चर्चा बव्हंशी या दोन उताऱ्यांवर आधारलेली असते.

एकोणिसाव्या शतकातील मिशनच्या अहवालांत फळ म्हणजे बाप्तिस्म्यांची संख्या, शाळांची संख्या आणि जमा झालेली वर्गणी असे समीकरण सहज होई. टिळक स्वतः काही वर्षे या यंत्रणेचा भाग होते, आणि आरंभी वादविवाद व खंडनमंडन या मार्गांवर त्यांचाही भर होता. पुढे त्यांचा कल भक्तीकडे वळला. ख्रिस्ताचे दर्शन, त्याच्याशी तादात्म्य, अहंकाराचा लोप हे विषय त्यांच्या भजनांत उत्तरोत्तर ठळक होत गेले. मराठी ख्रिस्ती माणसाने परदेशी पोशाख, परदेशी सूर आणि परदेशी पैसा यांवर विसंबून राहू नये, असे ते आग्रहाने सांगत. ज्या रोपाला दुसऱ्या देशातून आणून पाणी घालावे लागते ते या मातीत मूळ धरणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ते देशाभिमानी होते, आणि ख्रिस्ती होणे म्हणजे राष्ट्रापासून तुटणे हा समज त्यांना सर्वस्वी अमान्य होता.

'देवाचा दरबार'

१९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निर्णय जाहीर केला. मिशनशी भांडण हे यामागचे कारण नव्हते. पगारी उपदेशकाच्या शब्दाला हिंदू समाजात वजन येत नाही आणि या देशात गुरूकडून त्यागाची अपेक्षा असते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. निश्चित उत्पन्न सोडणे कुटुंबाच्या दृष्टीने सोपे नव्हते. मात्र बावीस वर्षांपूर्वीच्या निर्णयात आणि यात एक फरक होता : या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर होत्या.

साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' या नावाने एक बंधुमंडळ सुरू केले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्वजण त्यात समान होते. बाप्तिस्मा ही चर्चच्या सदस्यत्वाची सीमारेषा मानणाऱ्यांना ही कल्पना अडचणीची वाटणे स्वाभाविक होते. समाज आणि कुटुंब यांपासून तुटण्याच्या भीतीने जे ख्रिस्ताकडे येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी टिळकांना दार उघडे ठेवायचे होते. आपल्या बाप्तिस्म्याने एका घराची काय अवस्था झाली, हे त्यांना ठाऊक होते. ही चळवळ संघटना म्हणून आकार घेण्यापूर्वीच त्यांची प्रकृती ढासळली, आणि त्यांच्या पश्चात ती फार काळ टिकली नाही.

'ख्रिस्तायन' आणि अखेर

येशूचे चरित्र ओवीबद्ध महाकाव्यात गावे, ही टिळकांची मोठी आकांक्षा होती. सतराव्या शतकात फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' हा त्या मार्गावरील जुना टप्पा होता. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले, परंतु त्यांच्याकडून साडेदहा अध्यायच लिहून झाले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. शाळेत कधीही न गेलेल्या, लग्नानंतर पतीकडून अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्रही त्यांनी उतारवयात लिहिले. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि मराठी आत्मचरित्रांत अग्रगण्य ठरले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले, आणि 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.

चरित्रे व अभ्यास

टिळकांचे इंग्रजी चरित्र जे. सी. विन्स्लो यांनी लिहिले. ते १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ हा भारतीय पद्धतीचा आश्रम स्थापन केला होता, त्यामुळे त्यांच्या चरित्रात टिळकांच्या शेवटच्या दोन वर्षांना विशेष महत्त्व मिळाले आहे. मराठी समीक्षेत मात्र टिळकांच्या निसर्ग व कौटुंबिक कवितेचीच चर्चा अधिक झाली आणि भजने चर्चच्या भिंतींआड राहिली. पुत्र देवदत्त टिळक हेही लेखक व 'ज्ञानोदय'चे संपादक होते. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी 'स्मृतिचित्रे'ची चिकित्सक आवृत्ती संपादित केली. टिळकांच्या चरित्रातील तारखा आणि घटनांचा क्रम ताडून पाहण्यासाठी ती उपयुक्त आहे.

रविवारच्या उपासनेत आणि घरोघरच्या प्रार्थनासभांत टिळकांची भजने आजही टाळ-ढोलकीवर गायली जातात. गाणाऱ्यांपैकी अनेकांना ती कोणी रचली हे ठाऊक नसते.